दप्तरातला डेस्कटॉप

सुरुवातीलाच एक कबुली देते. पहिलीपासून दहावीपर्यंत मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे वर्गात मराठी बोललं की एक रुपया दंड असायचा. सातवीत एका टर्ममध्ये माझे तेवीस रुपये झाले होते, यावरून माझी निष्ठा कुठे होती ते कळेल! पण बोलणं वेगळं आणि लिहिणं वेगळं. 'काहीही टेक्निकल दे, पण मराठीत दे' असं संपादक मंडळाने सांगितल्यावर मी आधी हो म्हटलं आणि मग ऱ्हस्व-दीर्घाच्या भीतीने दोन आठवडे कँटीन टाळलं. तेव्हा मंडळी, चुका पोटात घाला.

विषय मात्र अगदी घरचा आहे. गेल्या जुलैत, म्हणजे २०२५ मध्ये, थर्ड इयर सुरू होताना मी लॅपटॉपऐवजी एक छोटासा डेस्कटॉप घेतला आणि तो दप्तरात घालून पुणे-सातारा करते. तेव्हापासून होस्टेलवर कमीत कमी तीस जणींनी 'हा डबा कसला गं?' असं विचारलं असेल. प्रत्येकीला पहिल्यापासून सांगण्यापेक्षा एकदाच छापून टाकलेलं बरं.

झालं असं की माझ्याकडे फर्स्ट इयरपासून एक सेकंडहँड लॅपटॉप होता. सेकंड इयरच्या मार्चमध्ये त्याची बिजागरी तुटली. (हिंजला बिजागरी म्हणतात हे मला तेव्हा बाबांकडून कळलं.) ती एकटी गेली असती तर ठीक, पण जाताना तिने स्क्रीनकडे जाणारी पट्टीसारखी केबलही ओरबाडली. दुरुस्तीचा अंदाज आला नऊ हजार. विकायला गेलं तर लॅपटॉपचे बारा हजारही आले नसते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! मग एका सीनियर ताईने तिचा जुना मॉनिटर दिला. तो एचडीएमआयने जोडला, तीनशेचा कीबोर्ड आणला आणि मेलेल्या स्क्रीनचा लॅपटॉप मजेत चालायला लागला. सगळी सबमिशन्स त्याच्यावर झाली.

पण जूनमध्ये टचपॅड एका बाजूने वर आला. मला वाटलं स्क्रू ढिला झाला असेल. प्रॅक्टिकलच्या आमच्या सरांना दाखवला, तर त्यांनी आधी चार्जर ओढून काढला आणि मग बोलले. बॅटरी फुगली होती. लिथियमची बॅटरी आतून खराब व्हायला लागली की तिच्यात गॅस तयार होतो आणि पाऊच उशीसारखा फुगतो. तशी बॅटरी टोचली गेली, दाबली गेली किंवा पुन्हा चार्जिंगला लावली तर पेट घेऊ शकते. आणि मी त्यावर हात टेकून असाइनमेंट टाइप करत होते!

ती का फुगली ते सरांनीच विचारलं. 'चार्जर काढतेस का कधी?' नाही काढत. होस्टेलच्या टेबलावर प्लग आहे, तिथे तो चोवीस तास लावलेलाच असायचा. लिथियम बॅटरीला दोन गोष्टी सोसत नाहीत, एक उष्णता आणि दुसरी म्हणजे कायम शंभर टक्के भरलेलं असणं. मी दोन्हींची सोय करून ठेवली होती. काही लॅपटॉपमध्ये चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबवायची सोय असते. माझ्या जुन्या मॉडेलमध्ये ती नव्हती, आणि असती तरी मी चालू केली नसती हे खरं.

आता नवीन मशीन घ्यायचं होतं. माझे बाबा साताऱ्यात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं छोटं दुकान चालवतात. आमच्या कामाला पुरेसा चांगला लॅपटॉप तेव्हा शेहेचाळीस हजारांना पडत होता. फोनवर बाबा म्हणाले, "घेऊन टाक, बघू काय ते." आमच्या घरात 'बघू काय ते' याचा अर्थ पतसंस्था. शिवाय धाकटा भाऊ बारावीत, त्याच्या सीईटी क्लासचा वीस हजारांचा दुसरा हप्ता ऑगस्टमध्ये होता. ऋण काढून सण करायची माझी तयारी नव्हती. मी म्हटलं, "बाबा, दोन आठवडे थांबा."

मागचे तीन महिने स्क्रीनच नव्हती, तरी माझं कुठे काय अडलं होतं? हा प्रश्न डोक्यात बसला. वहीच्या मागच्या पानावर मी चौदा दिवस नोंद ठेवली. तोवर सरांनी बॅटरी काढून दिली होती आणि ते मशीन नुसत्या चार्जरवर चालत होतं. कुठे बसले, किती वेळ बसले, प्लग होता का? एकूण एकेचाळीस वेळा मशीन उघडलं. त्यातलं एकतीस वेळा होस्टेलच्या टेबलावर, सात वेळा शनिवार-रविवारी बाबांच्या दुकानात, जिथे मॉनिटर आधीच आहे. उरलेल्या तीन वेळा 'लॅपटॉप असता तर बरं झालं असतं' असं वाटलं. दोनदा लायब्ररीत आणि एकदा एसटीत, आणि एसटीत मी बहुतेक सिनेमाच पाहिला असता. म्हणजे मला लॅपटॉप नको होता! मला हवा होता दोन टेबलांमध्ये प्रवास करणारा डेस्कटॉप.

अशी वस्तू बाजारात असते आणि तिला मिनी पीसी म्हणतात. कल्पना जुनीच आहे. १९८१ साली अमेरिकेत ऑस्बोर्न १ नावाचा 'पोर्टेबल' कॉम्प्युटर आला होता. वजन साधारण अकरा किलो, स्क्रीन पाच इंची, आणि मूळ मशीनला बॅटरी नव्हती. शिलाई मशीनसारखा उचलून न्यायचा आणि प्लग शोधायचा. पुढे लॅपटॉप आले आणि ही जात मागे पडली. मग जानेवारी २००५ मध्ये ॲपलने मॅक मिनी काढला. साडेसहा इंचाचा चौकोन, दोन इंच उंची, स्क्रीन-कीबोर्ड-माउस ज्याचा त्याने आणायचा. (मीही २००५ चीच. आम्ही समवयस्क.) इंटेलने २०१२-१३ च्या सुमारास 'नक' नावाचे तळहाताएवढे कॉम्प्युटर आणले, जुलै २०२३ मध्ये त्यातून अंग काढून घेतलं आणि तो कारभार एसुसकडे गेला. पण खरी गंमत ऑफिसांमध्ये झाली. लेनोवो, डेल, एचपी या तिन्ही कंपन्यांनी ऑफिसांसाठी 'टायनी', 'मायक्रो', 'मिनी' अशा नावांनी चपटे डबे काढले. बँकेत मॉनिटरच्या पाठीमागे स्क्रूने लटकवलेला काळा डबा पाहिला असेल, तोच हा. याला एक लिटरचा पीसी म्हणतात, कारण आकारमान खरंच तेवढं भरतं. माझा डबा पट्टीने मोजला. अठरा सेंटीमीटर बाय अठरा, जाडी साडेतीन. गुणाकार केला की अकराशे घनसेंटीमीटर येतात, म्हणजे लिटरच्या थोडं वर. दुधाच्या पिशवीएवढा कॉम्प्युटर!

मोठ्या ऑफिसांमध्ये तीन-चार वर्षं झाली की ही मशीनं एकगठ्ठा बदलतात आणि जुनी मशीनं सेकंडहँड बाजारात येतात. दिवसभर एसीत बसून ईमेल आणि एक्सेल एवढंच ज्यांनी पाहिलंय अशी ही मशीनं. कुणी मांडीवर घेतली नाहीत, पाडली नाहीत, चहा सांडला नाही. माझा पहिला लॅपटॉपही सेकंडहँडच होता, पण त्याला दोन घरं आणि एक लहान मूल माहीत होतं!

इथे एक गोष्ट नीट समजावून सांगते, कारण यातच बहुतेकांची फसगत होते. माझ्या जुन्या लॅपटॉपवर स्टिकर होतं आय फाइव्ह, आठवी जनरेशन. नव्या डब्यावरही आय फाइव्ह, आठवी जनरेशन. रूममेट म्हणाली, "मग काय फरक पडला?" फरक शेवटच्या अक्षरात आहे. लॅपटॉपमधला होता ८२५०यू आणि यातला आहे ८५००टी. 'यू' म्हणजे पंधरा वॅटचा. त्यात चार कोअर. 'टी' म्हणजे पस्तीस वॅटचा, सहा कोअर. (पूर्ण आकाराच्या डेस्कटॉपमधला साधा ८५०० पासष्ट वॅटचा असतो. टी ही त्याचीच कमी जेवणारी बहीण.) थ्रेड मोजले तर लॅपटॉपचे आठ भरतात आणि याचे सहाच, आणि कमाल वेग दोन्हींचा जवळजवळ सारखा, ३.४ आणि ३.५ गिगाहर्ट्झ. कागदावर लॅपटॉप हरत नाही.

पण 'कमाल वेग' हा शंभर मीटरच्या शर्यतीतला वेग आहे. प्रोसेसरला थोडा वेळ, साधारण अर्धं मिनिट म्हणा, ठरलेल्या वॅटपेक्षा जास्त खायची मुभा असते. ब्राउझर उघडायला, फाइल सेव्ह करायला तेवढं पुरतं. त्यानंतर त्याला आपल्या नेमून दिलेल्या वॅटवर परत यावं लागतं, आणि पंधरा वॅटमध्ये चार कोअरना वाटून जे मिळतं त्यावर धावावं लागतं. वरून पातळ लॅपटॉपमधला पंखा आणि तांब्याची नळी चिमुकली, त्यात एप्रिलमध्ये होस्टेलची खोली म्हणजे भट्टीच. गरम झाला की तो आणखी हळू होतो. आम्हा ई अँड टीसीवाल्यांना व्हिवाडोमध्ये सिंथेसिस चालवायचं असतं, ते अर्ध्या मिनिटाचं काम नाही. माझा एकच प्रोजेक्ट जुन्या लॅपटॉपवर एकोणीस मिनिटं घ्यायचा, डब्यावर अकरा मिनिटांत झाला. जनरेशन तीच, स्टिकर तेच! तेव्हा नावाला भुलू नका, शेपटी बघा.

अर्थात मिनी पीसी म्हटलं की सगळे सारखे नाहीत. रास्पबेरी पाय गोड आहे, मला फार आवडतो, पण त्याचा प्रोसेसर एआरएम जातीचा. व्हिवाडो किंवा काइल त्याच्यावर चालत नाही, तेव्हा मुख्य मशीन म्हणून आपल्या उपयोगाचा नाही. इंटेलच्या एन१०० वर चालणारे नवे कोरे डबे स्वस्त मिळतात. चार छोटे कोअर, सहा वॅट. कोडिंग, रिपोर्ट, यूट्यूबला उत्तम. ज्याचं काम एवढंच आहे त्याने डोळे मिटून घ्यावा. पण जड कामाला दम लागतो. दुसऱ्या टोकाला मॅक मिनी. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेला एम४ वाला फक्त पाच इंची चौकोन, सातशे ग्रॅमच्या आत, आणि पॉवर सप्लाय पोटातच असल्यामुळे अ‍ॅडॅप्टरची वीटही न्यायला नको. पोर्टेबल डेस्कटॉप म्हणून याच्याहून देखणं काही नसेल. पण भारतात तो निघाला एकोणसाठ हजार नऊशेला, आणि सॉलिडवर्क्स, व्हिवाडो त्यावर थेट चालत नाहीत. मेकॅनिकलच्या मुलांनी दुरून नमस्कार करावा.

तर मी पुण्यात जुन्या कॉम्प्युटरच्या एका दुकानात गेले. सोबत मावसभाऊ होता, कारण एकटी मुलगी दिसली की भाव वेगळा निघतो, हा माझा अनुभव आहे. दुकानदार काकांनी आधी सहाव्या जनरेशनचा डबा पुढे केला. "ताई, हा घ्या, मक्खन चालतो, आठ हजारात देतो." मक्खन चालतही असेल. पण विंडोज ११ ला इंटेलची आठवी जनरेशन किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतं, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता. (संपलाही.) म्हणजे जुन्या ऑफिसांमधून सहाव्या-सातव्या जनरेशनचे ढीग बाहेर का येत होते, तर याच कारणाने. लिनक्स वापरणाऱ्यांनी ते खुशाल घ्यावेत, त्यांना ती लॉटरीच आहे. मला विंडोज लागतं. मी म्हटलं, "काका, आठवी दाखवा." काकांनी भावाकडे बघितलं. भाऊ म्हणाला, "माझ्याकडे काय बघताय, मी कॉमर्सचा आहे."

मग पाऊण तास मी त्यांचं डोकं खाल्लं. पैसे द्यायच्या आधी बायोसमध्ये शिरून पाहिलं, कारण ऑफिसची मशीनं कधी कधी बायोसला पासवर्ड टाकूनच विकली जातात आणि मग तो काढणं म्हणजे डोकेदुखी. एसएसडी किती तास चालली आहे आणि तिचं आरोग्य किती उरलंय ते एका फुकटच्या सॉफ्टवेअरने पाहिलं. वायफाय आहे का विचारलं, आणि नव्हतं! ऑफिसात केबलने नेट असतं म्हणून पुष्कळ डब्यांमध्ये वायफायचं कार्डच बसवलेलं नसतं. काकांनी कुरकुरत एक कार्ड आणि दोन अँटेना घालून दिल्या. पाठीमागचे पोर्टही बघायला हवेत. काही मॉडेलना नुसतेच डिस्प्लेपोर्ट असतात, एचडीएमआय नसतं, आणि आपल्या होस्टेलवरचे निम्मे मॉनिटर व्हीजीएचे. केबल-कन्व्हर्टरचा खर्च धरूनच चला.

अ‍ॅडॅप्टर तर मुळीच हलक्यात घेऊ नका. काही कंपन्यांच्या अ‍ॅडॅप्टरच्या टोकाला मधोमध एक बारीक पिन असते. तिच्यातून मशीन 'हा माझाच का, किती वॅटचा' हे विचारतं. ओळख पटली नाही तर मशीन चालू होतं, पण प्रोसेसर मुद्दाम हळू चालवतं. व्होल्टेज जुळलं, पिन बसली, तरी कॉम्प्युटर गोगलगाय! एका मित्राचा असा डबा त्याने आठवडाभर व्हायरस शोधण्यात घालवून मग अ‍ॅडॅप्टर बदलला.

हिशेब देते, कारण शेवटी सगळे तिथेच येतात. डबा, आठ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडीसह, साडेतेरा हजार. आणखी आठ जीबीची रॅमपट्टी सोळाशे. या डब्यांमध्ये लॅपटॉपचीच छोटी रॅम लागते आणि झाकणाचा एक स्क्रू काढला की समोर दिसते, मी स्वतः बसवली. (तेव्हा घेतली म्हणून वाचले. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव जे चढले, ते बघून मी त्या पट्टीला मनोमन हळदकुंकू वाहिलं.) जुना बावीस इंची मॉनिटर साडेतीन हजार, कारण सीनियर ताईचा परत द्यायचा होता. कीबोर्ड-माउस सातशे. दुसरा अ‍ॅडॅप्टर नऊशे. झाले वीस हजार दोनशे. पुढे दोन गोष्टी घ्याव्या लागल्या, त्या अजून सांगायच्या आहेत. त्या धरून तेवीस हजार सातशे. लॅपटॉपच्या निम्म्याच्या जरा वर. भावाच्या क्लासचा हप्ता वेळेवर गेला आणि पतसंस्थेची पायरी चढावी लागली नाही.

आता 'पोर्टेबल' या शब्दाबद्दल. डब्याचं वजन सव्वा किलोच्या जरा वर, माझ्या जुन्या लॅपटॉपचं दोन किलो शंभर ग्रॅम. दुसरा अ‍ॅडॅप्टर मी कायमचा बाबांच्या दुकानात ठेवलाय, कीबोर्ड-मॉनिटर तिथला आहेच. त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी फक्त डबा, जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळून, दप्तरात. स्वारगेटहून एसटी पकडायची. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे प्रवासही स्वस्तातला. हार्ड डिस्कवालं मशीन असं नेताना मला धाकधूक वाटली असती, कारण तिच्यात फिरणारी तबकडी आणि तिच्यावर केसभर अंतरावर तरंगणारा हेड असतो. बंद असताना हेड बाजूला जाऊन बसतो, तरी खंबाटकीचा घाट आणि एसटीचं स्प्रिंग... नकोच ते. एसएसडीमध्ये हलणारं काहीच नाही.

पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वजन नाही, ती आहे हायबरनेट. लॅपटॉप नुसता मिटला तरी चालतो, कारण झोपेतही बॅटरी रॅमला जागी ठेवते. आपल्या डब्याला बॅटरीच नाही. स्लीपमध्ये टाकून प्लग काढलात की रॅममधलं सगळं गेलं, लिहिलेलं, उघडलेलं, सगळं. हायबरनेटमध्ये विंडोज रॅममधला पसारा उचलून एसएसडीवर एका फाइलमध्ये लिहून ठेवतं आणि मशीन पूर्ण बंद होतं. मग प्लग काढा, साताऱ्याला जा, जेवा, झोपा. दुसऱ्या दिवशी चालू केलं की तीच फाइल, तोच कर्सर, अर्धवट सोडलेल्या शब्दासकट! विंडोजमध्ये हा पर्याय सहसा लपवलेला असतो. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन बटणांच्या सेटिंगमधून तो चालू करावा लागतो. मी पॉवरचं बटणच हायबरनेटला लावून टाकलंय. माझ्या मते ही एक गोष्ट केली नाही तर हा कॉम्प्युटर पोर्टेबल नाही, नुसता छोटा आहे.

आता पुढच्या खर्चांची गोष्ट. ऑगस्टमध्ये एका कंपनीच्या इंटर्नशिपची ऑनलाइन टेस्ट होती. नव्वद मिनिटांची, वेबकॅम चालू ठेवून द्यायची. आदल्या रात्री नऊ वाजता माझ्या लक्षात आलं की या डब्याला कॅमेराच नाही! लॅपटॉपच्या सवयीने ते सुचलंच नव्हतं. माइकही नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या मैत्रिणीचा यूएसबी कॅमेरा मागून आणला आणि मी निश्चिंत झाले. सकाळी टेस्ट सुरू झाली, अठ्ठावन्नाव्या मिनिटाला होस्टेलची लाइट गेली. ट्रान्सफॉर्मरचं काहीतरी. समोर काळी स्क्रीन आणि त्यात माझंच तोंड. लाइट आली चाळीस मिनिटांनी, तोवर टेस्टचं पान बंद. मेल केला, उत्तर आलं नाही. शेजारच्या खोलीतली मुलगी त्याच लाइटमध्ये, म्हणजे लाइटविना, लॅपटॉप आणि फोनच्या हॉटस्पॉटवर तीच टेस्ट पूर्ण करून बाहेर आली. तिला कॉल आला. मी त्या दिवशी आईला फोनही केला नाही, कारण 'तरी मी म्हणत होते लॅपटॉप घे' हे मला ऐकायचं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी सहाशे व्हीएचा यूपीएस घेतला, सव्वीसशेला, आणि नऊशेचा वेबकॅम. यूपीएस किती वेळ चालेल हे खोक्यावर मोघम लिहिलेलं असतं, आपण गणित करू. आत बारा व्होल्ट, सात अ‍ॅम्पिअर-अवरची लेड-अ‍ॅसिड बॅटरी. गुणाकार चौऱ्याऐंशी वॅट-अवर. लॅबमधलं प्लगला लावायचं वॅटमीटर मागून आणलं. डबा साधं काम करताना दहा-बारा वॅट, मॉनिटर अठरा, राउटर आठ. म्हणजे चाळीस धरा. चौऱ्याऐंशी भागिले चाळीस, दोन तास? छे! लेड-अ‍ॅसिड बॅटरी घाईने रिकामी केली की पूर्ण माल देत नाही, आणि बाराचे दोनशे तीस व्होल्ट करताना यूपीएस स्वतःही खातो. प्रत्यक्षात मला पन्नास मिनिटं मिळाली. व्हिवाडो पूर्ण जोरात असताना (तेव्हा एकटा डबाच अठ्ठेचाळीस वॅट घेतो) जेमतेम पंचवीस. जुन्या मोठ्या डेस्कटॉपला हाच यूपीएस त्याहूनही कमी वेळ पुरेल, तेव्हा डबा कमी खातो याचा इथे उपयोग होतोच. पण लॅपटॉपची बॅटरी ती बॅटरी. शिवाय ही साडेचार किलोची वीट काही दप्तरात येत नाही.

म्हणून सरसकट सगळ्यांना मी हा सल्ला देणार नाही. आमच्या वर्गात दोघी जणी रोज चिंचवडहून आणि तळेगावहून लोकलने येतात. त्यांचं काम दोन लेक्चरच्या मधल्या तासाला, लायब्ररीत, पायरीवर चालतं. त्यांना डबा देणं म्हणजे पोहणाऱ्याला सायकल देणं. ज्यांना मशीन लर्निंगसाठी किंवा थ्रीडी रेंडरिंगसाठी ग्राफिक्स कार्ड हवंय त्यांनीही नको. माझ्या डब्यात कार्ड घालायला जागाच नाही. ज्यांना होस्टेलमध्ये स्वतःचं टेबल नाही, तिघींत एक आहे, त्यांनी मॉनिटर कुठे ठेवायचा? आणि रविवारी हॅकेथॉनला जायचं तर मी पाहुण्यासारखी 'कुणाचा मॉनिटर रिकामा आहे का' विचारत फिरते. एकदा कॉन्फरन्स रूममधल्या टीव्हीला जोडून बसले, तर माझा सगळा कोड पंचावन्न इंचात गावाला दिसत होता. चुकांसकट.

बाबांना मात्र डबा भलताच आवडलाय. त्यांच्या दुकानातला जुना टॉवर नुसता बसून पंचाहत्तर वॅट खातो, हे मी मीटर लावून दाखवलं. दिवसाला दहा तास, महिन्याला सव्वीस दिवस, साडेएकोणीस युनिट. डबा बारा वॅटवर, तीन युनिटच्या जरा वर. बाबांनी कॅलक्युलेटरवर पुन्हा करून पाहिलं, मग गिऱ्हाइकाच्या सातबाऱ्याची प्रिंट काढता काढता म्हणाले, "हा इथेच ठेवून जा की." मी नाही म्हटलं. सोमवारी सबमिशन होतं. दिवाळीत त्यांच्यासाठी तसाच एक आणला, तो आता मॉनिटरच्या पाठीवर लटकतो, आणि टेबलाखाली जिथे टॉवर होता तिथे ए-फोरचे रिम ठेवायची सोय झाली.

बाकी कुणाला प्रत्यक्ष बघायचा असेल तर होस्टेलवर, दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून जी खोली आहे तिथे या. सबमिशनचा आठवडा सोडून कधीही. आणि माझी डिस्प्लेपोर्टची केबल ज्या कुणी नेली आहे, तिने येताना ती घेऊन यावी.